नाव न ऐकलेले विद्यापीठ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक पालक घरी आले. त्यांची मुलगी दहावीपर्यंत आमच्या शाळेत होती. पुढे कराडला राहून तिने संगणकशास्त्रात बी.एस्‌सी. केले. पालकांनी पिशवीतून तीन पत्रे काढून माझ्यासमोर ठेवली. तिन्ही अमेरिकेतील विद्यापीठांची होती आणि तिघांनीही मुलीला एम.एस.साठी प्रवेश देऊ केला होता. एक मिसुरी राज्यातले, एक इलिनॉयमधले, तिसरे पेनसिल्व्हानियातले.

"सर, यांतले चांगले कोणते? पुण्याच्या कन्सल्टन्सीवाल्याने पहिल्यावर खूण केली आहे. कर्ज पस्तीस लाखांचे होतेय. सातबारा बँकेत जाईल. तुम्ही सांगाल तसे करू."

यांतले एकही नाव मी पूर्वी ऐकलेले नव्हते. मी पडलो भौतिकशास्त्राचा शिक्षक. अमेरिकेतील विद्यापीठ म्हटले की हार्वर्ड, एम.आय.टी., फार तर बर्कले, एवढीच माझी धाव. 'नाव ऐकलेले नाही, तेव्हा नकोच' असे सांगून मोकळे होण्याचा मोह झाला, हे कबूल केले पाहिजे. पण मुलीने विचारले, "सर, नाव ऐकलेले असणे हे कशाचे माप आहे?" वर्गात मीच पन्नास वेळा विचारलेला प्रश्न माझ्याकडे परत आला होता. मग आम्ही दोघांनी चार आठवडे बसून जे शोधले, ते येथे मांडत आहे. असा प्रश्न आज आपल्यापैकी अनेकांपुढे येतो. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत शिकणारे भारतीय विद्यार्थी ३ लाख ३१ हजारांवर होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक पदव्युत्तर शिक्षण घेत होते. हे सगळे काही हार्वर्डमध्ये नव्हते. तालुक्याच्या गावातून जाणारी आपली मुले बहुतेक वेळा जातात ती तिकडच्या प्रादेशिक सरकारी विद्यापीठांत.

ही विद्यापीठे आली कोठून?

शिक्षकांना आवडेल अशी ही हकिकत आहे. यांतली बरीचशी विद्यापीठे मुळात शिक्षक घडवणाऱ्या शाळा होत्या. ३ जुलै १८३९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टन येथे सरकारी खर्चाने पहिले 'नॉर्मल स्कूल' सुरू झाले. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी होत्या तीन! तीच संस्था आज फ्रेमिंगहॅम स्टेट युनिव्हर्सिटी म्हणून ओळखली जाते. 'नॉर्मल' म्हणजे नमुना, मानदंड. कसे शिकवावे याचा नमुना घालून देणारी शाळा. हा शब्द आपल्याकडेही परका नाही. सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षण घेतले होते.

पुढे प्रत्येक राज्याने आपापल्या भागांत अशा शाळा काढल्या. रेल्वे आणि शेती सांभाळणाऱ्या लहान गावांत त्या निघाल्या, कारण शिक्षक हवे होते ते तिथेच. विसाव्या शतकात नॉर्मल स्कूलचे टीचर्स कॉलेज झाले, दुसऱ्या महायुद्धानंतर स्टेट कॉलेज आणि नंतर स्टेट युनिव्हर्सिटी. मिसुरीतील वॉरेन्सबर्गचे युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल मिसुरी १८७१ साली नॉर्मल स्कूल म्हणून सुरू झाले. मेरीव्हिलचे नॉर्थवेस्ट मिसुरी स्टेट १९०५ चे. लॉस एंजेलिसचे सुप्रसिद्ध यूसीएलए हेसुद्धा सॅन होजेच्या नॉर्मल स्कूलची १८८२ साली निघालेली शाखाच. त्याचे नशीब वेगळे निघाले इतकेच.

अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन हे अशाच एका संस्थेचे पदवीधर. टेक्सासमधील सॅन मार्कोस येथल्या टीचर्स कॉलेजात ते शिकले, मध्ये एक वर्ष पैशासाठी शिक्षण थांबवून कोटुला नावाच्या गावात मेक्सिकन वस्तीतल्या मुलांना शिकवले आणि १९३० मध्ये पदवी घेतली. १९६५ मध्ये उच्च शिक्षणाचा मोठा कायदा झाला, त्यावर त्यांनी सही केली ती वॉशिंग्टनमध्ये नाही, आपल्या या जुन्या कॉलेजात येऊन.

कॅलिफोर्नियाने १९६० मध्ये एक आराखडाच ठरवून टाकला. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी वरच्या आठव्या हिश्शाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जागा, वरच्या एकतृतीयांशाला स्टेट कॉलेजांत आणि बाकी सर्वांना स्थानिक कम्युनिटी कॉलेजांत. संशोधन आणि पीएच.डी. पहिल्या गटाकडे, शिकवणे दुसऱ्याकडे. स्टेट युनिव्हर्सिटीला स्वतःच्या बळावर डॉक्टरेट देण्याची मुभा मिळायला २००५ साल उजाडले, आणि तीही आधी फक्त शिक्षणशास्त्रात.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की आपण ज्याला 'दुय्यम दर्जा' समजतो तो पुष्कळदा ठरवून केलेल्या कामाच्या वाटणीचा परिणाम असतो. अशा विद्यापीठातील प्राध्यापक सत्राला बहुधा तीन ते चार विषय शिकवतो. मोठ्या संशोधन विद्यापीठातला एक किंवा दोन शिकवतो आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवतो. जागतिक क्रमवाऱ्या मुख्यतः शोधनिबंध, त्यांचे उल्लेख आणि नावलौकिक मोजतात. मग जे विद्यापीठ शिकवण्यासाठीच काढले, ते त्या यादीत खाली असणार किंवा नसणारच. फूटपट्टीने तापमान मोजण्यातला हा प्रकार आहे. ज्या मुलीला पुढे पीएच.डी. करून कणभौतिकीत संशोधन करायचे आहे तिने ही यादी जरूर पाहावी, आणि अशा विद्यापीठाकडे दोनदा विचार करूनच जावे. ज्याला दोन वर्षांत व्यवसायाचे ज्ञान हवे आहे, त्याला त्या यादीतून फारसे काही कळत नाही.

एक गंमत येथे सांगायला हवी. अमेरिकेतली एक नामवंत क्रमवारी 'राष्ट्रीय' आणि 'प्रादेशिक' अशा वेगळ्या याद्या काढते, आणि प्रादेशिक यादीचे पुन्हा उत्तर, दक्षिण, मध्यपश्चिम व पश्चिम असे चार भाग पाडते. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'अमुक यादीत अकरावा क्रमांक' असे लिहिलेले असते ते या चारांपैकी एका यादीतले. पत्रक खोटे बोलत नाही. वाचणाऱ्यानेच यादीचे पूर्ण नाव वाचायचे असते.

शंभर टक्के निकालाची पाटी

आपल्या गावात दहावीच्या निकालानंतर शाळांच्या दारावर पाट्या लागतात: 'निकाल १०० टक्के'. आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे, की त्यांतल्या काही शाळा नववीतच कच्च्या मुलांना दुसरीकडे पाठवतात. समजा, एक शाळा सरासरी ८५ गुणांची मुले घेते आणि त्यांना ८८ पर्यंत नेते. दुसरी ४५ ची मुले घेऊन ६२ पर्यंत आणते. पाटी पहिलीच्या दारावर लागेल. शिकवले कोणी, हे पाटीवरून कळणार नाही.

विद्यापीठांच्या बाबतीत नेमके हेच होते. नामांकित विद्यापीठाचे पदवीधर जास्त कमावतात, हे खरे. पण ते त्या विद्यापीठामुळे, की ती मुले मुळातच तशी होती म्हणून? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये याचा छडा लावण्याची एक सुंदर युक्ती प्रसिद्ध केली. १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्यांची माहिती त्यांनी घेतली, आणि ज्यांनी सारख्याच दर्जाच्या संस्थांकडे अर्ज केले होते व ज्यांना सारख्याच संस्थांनी होकार दिला होता अशांची एकमेकांशी तुलना केली. म्हणजे दोघींनाही मोठ्या आणि साध्या, अशा दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळाला. एक मोठ्या ठिकाणी गेली, दुसरी साध्या ठिकाणी. पुढे त्यांच्या मिळकतीत किती फरक पडला? सरासरी पाहता जवळजवळ नाहीच. प्रयोगशाळेत आपण एकच घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवतो, त्याच्या जितके जवळ जाता येईल तितके ते गेले.

अर्थात येथेच थांबलो तर आपण अर्धेच सांगितले असे होईल. त्याच अभ्यासात गरीब घरातून आलेल्या विद्यार्थ्यांना मात्र नामांकित संस्थेचा फायदा झालेला दिसला. आणि २०२३ मध्ये राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन यांनी दाखवले, की हार्वर्डसारख्या बारा संस्थांत गेल्याने सरासरी मिळकत फारशी बदलत नसली, तरी सर्वांत वरच्या एक टक्का कमाईत जाण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. तेव्हा नावाला किंमत शून्य, असे म्हणता येणार नाही. ती किंमत सर्वांना सारखी मिळत नाही, एवढे नक्की.

चेट्टी यांच्याच गटाने २०१७ मध्ये आणखी एक मोजमाप मांडले होते. विद्यापीठातील किती मुले सर्वांत गरीब पाचव्या हिश्शातून येतात, आणि त्यांतली किती मोठेपणी मिळकतीच्या सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शात पोहोचतात, या दोहोंचा गुणाकार त्यांनी केला. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॉस एंजेलिस शाखेत दर हजारी ३३१ मुले गरीब घरांतली होती आणि त्यांतली सुमारे ९९ वर पोहोचली. हार्वर्डसारख्या बारा संस्थांत मिळून हजारात गरीब मुले होती ३८, आणि वर पोहोचली २२. पोहोचण्याचे प्रमाण बारा संस्थांत मोठे, यात शंका नाही. पण मुळात दारच अरुंद! हा तक्ता पाहून आमची विद्यार्थिनी खूश झाली.

मी मात्र तिला थांबवले. हे आकडे निघाले आहेत अमेरिकी करखात्याच्या नोंदींवरून, आईवडिलांची मिळकत आणि मुलांची मिळकत जोडून. तिच्या वडिलांची ऊसबिले त्या करखात्याकडे कधी जाणार? म्हणजे परदेशी विद्यार्थी या मापात धरलेलेच नाहीत. तिकडच्या सरकारचे 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाचे एक उपयुक्त माहितीपत्र आहे, त्यात पदवीधरांची मिळकत दिलेली असते. ती फक्त केंद्र सरकारची आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांची. आपल्या मुलांना ती मदत मिळत नाही, म्हणजे तिथेही ती नाहीत. 'सहा वर्षांत किती जण पदवीधर झाले' हा आकडा पहिल्यांदाच पूर्णवेळ पदवीला प्रवेश घेतलेल्यांपुरता असतो. दुसरीकडून बदलून आलेले त्यात येत नाहीत, पदव्युत्तर तर नाहीतच. कोणतेही उपकरण हाती घेण्यापूर्वी ते काय मोजते, हे पाहण्याची सवय आपण मुलांना लावतो. हा तोच धडा आहे, फक्त यात सातबारा गुंतलेला आहे.

सरासरी वर्ग केवढा?

आता एक गणित, जे अकरावी-बारावीच्या वर्गात जरूर घालून पाहावे. माहितीपत्रकात लिहिलेले असते: 'आमच्याकडे वर्गाची सरासरी संख्या ४०.' समजा, एका विभागात दहा वर्ग आहेत. नऊ वर्गांत प्रत्येकी २० विद्यार्थी, आणि एका वर्गात २२०. एकूण जागा १८० अधिक २२०, म्हणजे ४००. दहाने भागले की सरासरी ४०. बरोबर आहे. शिवाय 'आमचे ९० टक्के वर्ग विसाचे' हेही बरोबर आहे.

पण आता प्राध्यापकाच्या खुर्चीतून उठून विद्यार्थ्याच्या बाकावर बसा. चारशे जागांपैकी २२० जागा त्या एकाच मोठ्या वर्गातल्या आहेत. 'तू बसतोस तो वर्ग केवढा?' असे चारशेही जागी जाऊन विचारले, तर १८० वेळा उत्तर '२०' येईल आणि २२० वेळा '२२०'. यांची सरासरी काढा: १८० गुणिले २० म्हणजे ३,६००, २२० गुणिले २२० म्हणजे ४८,४००, बेरीज ५२,०००, भागिले ४००, उत्तर १३०. विद्यापीठाच्या दृष्टीने सरासरी ४०, विद्यार्थ्याच्या दृष्टीने १३०! दोन्ही आकडे खरे. (एस.टी. नेहमी भरलेलीच का मिळते, याचे उत्तरही यातच आहे. रिकाम्या गाडीत बसून तक्रार करणारे प्रवासीच कमी असतात.)

तेव्हा सरासरी न विचारता, 'या विषयाच्या वर्गात गेल्या सत्रात किती जण होते' असे विचारावे. सरकारी विद्यापीठाचा एक मोठा फायदा येथे मिळतो. अशा अनेक विद्यापीठांची सत्राची वेळापत्रके सर्वांना पाहण्यास खुली असतात. त्यात विषय, शिकवणाऱ्याचे नाव, जागा आणि कधी कधी भरलेल्या जागांची संख्याही दिलेली असते. अभ्यासक्रम-पुस्तिका म्हणजे हॉटेलातल्या भिंतीवरची यादी. वेळापत्रक म्हणजे आज भटारखान्यात शिजलेले. आम्ही तिन्ही विद्यापीठांची मागच्या दोन सत्रांची वेळापत्रके पुस्तिकेशी ताडून पाहिली. एकाच्या पुस्तिकेत संगणकशास्त्राचे पदव्युत्तर विषय सव्वीस होते. प्रत्यक्षात वर्षभरात शिकवलेले निघाले नऊ, आणि त्यांतले चार एकाच शिक्षकाच्या नावावर. मुलीला ज्या विषयासाठी जायचे होते, तो दोन वर्षांत एकदाही उघडलेला नव्हता. कन्सल्टन्सीने खूण केलेले विद्यापीठ ते हेच.

प्रवेश इतका सहज का मिळतो?

वडिलांना तीन प्रवेशपत्रांचा अभिमान वाटत होता, आणि तो स्वाभाविक आहे. पण यामागचे अर्थकारण त्यांना सांगणे मला भाग पडले. २००८ च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी आपल्या विद्यापीठांचे अनुदान आखडते घेतले. त्यात दुसरी गोष्ट घडली. अमेरिकेत २००७ साली विक्रमी ४३ लाख बालके जन्मली आणि नंतर हा आकडा उतरत ३६ लाखांच्या आसपास आला. २००७ ची मुले २०२५ मध्ये अठरा वर्षांची झाली. म्हणजे कॉलेजात जाण्याच्या वयाची स्थानिक मुले येथून पुढे कमी होत जाणार, आणि याची पहिली झळ बसते ती जवळच्या मुलांवर अवलंबून असलेल्या या प्रादेशिक विद्यापीठांना. पेनसिल्व्हानियाने २०२२ मध्ये आपली सहा सरकारी विद्यापीठे एकत्र करून दोन केली. मिनेसोटातील सेंट क्लाउड स्टेट, हेही जुने नॉर्मल स्कूल, त्याने २०२४ मध्ये बरेच अभ्यासक्रम बंद करण्याचे ठरवले.

अशा वेळी पूर्ण शुल्क भरणारा परदेशी विद्यार्थी हा मोठा आधार ठरतो. यात गैर काही नाही. आपल्याकडच्या संस्थाही हेच करतात. पण त्यामुळे प्रवेशपत्राचा अर्थ बदलतो. 'आम्ही तुम्हांला निवडले' यापेक्षा 'तुम्ही आम्हांला निवडा' असा तो असतो. पत्र मिळाले म्हणून अर्धे काम झाले असे समजू नये. निवडीचे काम पत्र मिळाल्यावर सुरू होते.

कन्सल्टन्सीबद्दलही येथेच सांगतो. १९९२ पासून अमेरिकी कायद्याने विद्यार्थी मिळवून देण्याबद्दल डोईमागे कमिशन देण्यास बंदी आहे. मात्र केंद्र सरकारची मदत न मिळणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची भरती तिच्यातून वगळली आहे. म्हणजे जे अमेरिकन मुलाच्या बाबतीत चालत नाही, ते आपल्या मुलाच्या बाबतीत चालते. तुमच्याकडून अत्यल्प शुल्क घेणाऱ्या सल्लागाराचा पगार कोण देते, हे त्याला सरळ विचारावे. सगळेच लबाड नसतात. काही जण नीट उत्तर देतात.

खोट्या विद्यापीठांची भीती सरकारी संस्थांत नाही, हा मात्र मोठा दिलासा. २०११ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली नावाचे एक खासगी 'विद्यापीठ' बंद पाडण्यात आले. तेथील हजाराहून अधिक विद्यार्थ्यांत बहुसंख्य भारतीय होते, आणि काहींच्या पायांत पाळतीसाठी इलेक्ट्रॉनिक कडी बसवली गेली होती. त्यांच्याकडेही प्रवेशपत्रे होतीच. म्हणून मान्यता तपासण्याची सवय ठेवावी. मिसुरी आणि इलिनॉयमध्ये हे काम हायर लर्निंग कमिशन करते, पेनसिल्व्हानियात मिडल स्टेट्स कमिशन. त्यांच्या याद्यांत संस्थेचे नाव, पुढील तपासणीचे वर्ष आणि काही ताशेरे असल्यास तेही मिळतात. ताशेरे आवर्जून वाचावेत.

क्रेडिट, कोड आणि बस

खर्चाचा हिशेब बहुतेक घरांत चुकतो तो क्रेडिटच्या ठिकाणी. शुल्क वर्षाला ठरलेले, अशी आपली कल्पना असते. तिकडे ते पुष्कळदा दर क्रेडिटला असते. समजा, पदवीला ३० क्रेडिट लागतात आणि दर ६०० डॉलर आहे. म्हणजे १८,००० डॉलर. पण तीन वर्षांची बी.एस्‌सी. केलेल्यांना कधी कधी दोन-तीन पूर्वतयारीचे विषय आधी करायला सांगतात. ते ३० मध्ये धरले जात नाहीत, पैसे मात्र लागतात. दोन विषय, सहा क्रेडिट, ३,६०० डॉलर. खर्च एकदम वीस टक्क्यांनी वाढला. शिवाय एखादे सत्र लांबले तर राहण्याजेवणाचा खर्च वेगळा. आय-२० या कागदावर दाखवायचा असतो तो निदान पहिल्या वर्षाचा खर्च. बँकेत बसताना हिशेब करायचा असतो पूर्ण पदवीचा. शिकता शिकता काम करून शुल्क भरू, हे गणितात धरूच नये: सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तास एवढीच मुभा असते, आणि लहान गावातल्या आवारात कामे थोडी व मागणारे पुष्कळ.

दुसरी गोष्ट फारच बारीक, पण तिच्यावर दोन वर्षे अवलंबून असतात. अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला सहा अंकी 'सीआयपी' कोड असतो. पदवीनंतर एक वर्ष तेथे कामाचा अनुभव घेता येतो. कोड विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. संगणकशास्त्राचा ११.०७०१ हा त्या यादीत आहे. व्यवस्थापनाचे मात्र पाहा: ५२.१३०१ हा 'मॅनेजमेंट सायन्स'चा कोड यादीत आहे, ५२.०२०१ हा साध्या व्यवसाय-प्रशासनाचा नाही. वरून दोन्ही अभ्यासक्रमांची नावे सारखीच वाटू शकतात. म्हणून कोड लेखी मागून घ्यावा आणि अर्जाच्या वेळची ताजी यादी पाहावी, कारण हे नियम बदलत असतात. त्यापुढचा एच-१बी व्हिसा तर वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी पदव्युत्तरांसाठी आणखी २०,००० इतकाच. मागणी याहून कितीतरी जास्त. 'तिथे नोकरी लागेलच' या गृहीतकावर कर्ज काढणे म्हणजे नाणे उडवून पेरणी करणे आहे. परत येऊनही हप्ते फेडता येतील का, हा प्रश्न मी वडिलांना विचारला, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

राहता राहिले गाव. नकाशा उघडावा. वॉरेन्सबर्ग कॅन्सस सिटीपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि तेथे रेल्वे थांबते. मेरीव्हिल त्याच शहरापासून दीडशेच्या आसपास. सेंट्रल मिसुरीचे दुसरे केंद्र लीज समिट या उपनगरात आहे. आपला वर्ग नक्की कोणत्या केंद्रावर भरणार, हे खोली घेण्यापूर्वी विचारून ठेवावे. आपल्या मुलांना एस.टी. असतेच असे वाटते. तिकडच्या लहान गावात गाडी नसेल तर किराणा आणणे हाच एक प्रकल्प होतो. उलट खोलीभाडे कमी, प्राध्यापक नावाने ओळखणारे, रस्ते शांत. शहराची सवय असलेल्या मुलांना हे जड जाते. आमच्या मुलीला गावाची भीती नव्हती.

डिसेंबरात तिने तिन्ही विभागप्रमुखांना सारखेच पत्र लिहिले. चार प्रश्न होते: माझ्या तीन वर्षांच्या पदवीवर पूर्वतयारीचे किती क्रेडिट लागतील, येत्या दोन सत्रांत नेमके कोणते विषय शिकवले जातील, गेल्या सत्रात त्या वर्गांत किती विद्यार्थी होते आणि अभ्यासक्रमाचा कोड काय. एकाकडून माहितीपत्रक पुन्हा आले. दुसऱ्याकडून उत्तर आले नाही. तिसऱ्या विभागप्रमुखांनी दोन दिवसांत चारही प्रश्नांची उत्तरे दिली, पूर्वतयारीचा एक विषय लागेल हेही स्पष्ट लिहिले, आणि शेवटी तिलाच एक प्रश्न विचारला: बी.एस्‌सी.ला तू प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहीत होतीस? त्यांच्याशी तिचा पत्रव्यवहार सुरू आहे. व्हिसाची मुलाखत जूनमध्ये मुंबईला आहे. वडिलांनी कर्जाची रक्कम नव्याने मांडली, ती पस्तीसऐवजी सव्वीस लाखांवर आली. सातबारा अजून घरीच, कपाटात आहे.